निकाल न लागलेल्या दिवसांची रोजनिशी

कोल्हापुरात हरण्याचीसुद्धा एक रीत आहे. शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या आणि १९१२ साली पूर्ण झालेल्या खासबागच्या मैदानात ज्याची पाठ लाल मातीला लागते, त्याला आपण हरलो हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. हजारो डोळ्यांनी ते पाहिलेले असते, हलगी कडाडलेली असते, जिंकणारा लोकांच्या खांद्यावर असतो आणि हरलेला मल्ल पाठीवरची माती तशीच घेऊन आपल्या वस्तादांकडे चालू लागतो. डाव कुठे फसला ते वस्ताद सांगतात, रात्री तालमीत त्यावर चर्चा होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जोर-बैठका पुन्हा सुरू होतात. या गावाला निकाली कुस्ती आवडते. बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीवर इथला माणूस मनापासून नाराज होतो, कारण अशा कुस्तीत कुणाचेच काय ते कळत नाही.

ज्याला लेखक व्हायचे आहे त्याच्या वाट्याला मात्र बहुतेक अशा बरोबरीत सुटलेल्या कुस्त्याच येतात. जूनच्या सुमारास दिवाळी अंकांकडे कथा पाठवायची, मग श्रावण जातो, गणपती येऊन जातात, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगा लागतात आणि कथेचे काय झाले हे कुणीच सांगत नाही. पूर्वी हस्तलिखितासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले दुसरे पाकीट जोडायची पद्धत होती. साभार परत येणारे लिखाण निदान पोस्टमनच्या हातून घरी पोहोचत असे आणि पाकिटाचा जाडपणा हाताला लागताच आत काय आहे ते न उघडता समजत असे. आता ईमेल जाते आणि पलीकडे काहीच हालत नाही. तो नकार आहे, की अजून कुणी वाचलेच नाही, की फाइल उघडलीच गेली नाही, हे ठरवायला कोणतेही साधन नसते. अशा निराशेवर शोकांतिका लिहिता येत नाही, कारण ती तेवढी मोठी नसते. कथाही लिहिता येत नाही, कारण कथेत काहीतरी घडावे लागते आणि इथे न घडणे हाच विषय असतो. तिच्या मापाचा एकच साहित्यप्रकार मला माहीत आहे, तो म्हणजे काल्पनिक विनोदी रोजनिशी. मी सध्या तशी एक रोजनिशी लिहीत आहे आणि या प्रकाराविषयी मला जे मनापासून वाटते ते इथे मांडायचे आहे.

मी एका छापखान्यात मुद्रिते, म्हणजे छपाईआधीची प्रुफे, तपासण्याचे काम करते. आमच्याकडे लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, संस्थांचे वार्षिक अहवाल छापले जातात आणि अधूनमधून एखादे पुस्तक येते, जे बहुतेक वेळा लेखकाने स्वतःच्या खर्चाने काढलेले असते. हस्तलिखित प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेले असते, बाहेर कडक ऊन असले तरीही. सोबत आलेली पत्नी किंवा मोठा मुलगा स्टुलावर बसून राहतो आणि कागदाच्या किमतीची चर्चा सुरू झाली की मान वर करतो. तीनशे प्रती काढाव्यात की पाचशे, यावर घरात आधीच बोलणे झालेले असते. मुद्रिते हाती आल्यावर हे लेखक मी केलेल्या दुरुस्त्यांकडे फारसे पाहत नाहीत. ते पहिल्यांदा मुखपृष्ठावरच्या स्वतःच्या नावाकडे पाहतात आणि बराच वेळ पाहतात. पुढे शाहू स्मारक भवनात प्रकाशन होते, शाली आणि श्रीफळे दिली जातात आणि उरलेले गठ्ठे घरातल्या कॉटखाली जातात. या माणसांविषयी सांगितले जाणारे किस्से मी पुष्कळ ऐकले आहेत आणि त्यांतले बरेच खरेच विनोदी आहेत. पण ती माणसे मला कधी हास्यास्पद वाटली नाहीत. दिवस हास्यास्पद असावा आणि तो जगणारा माणूस मात्र तसा नसावा, हे दोन्ही एकाच वाक्यात कसे साधायचे, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे आणि त्यासाठी रोजनिशीइतके योग्य साधन दुसरे नाही असे माझे मत आहे.

माझा रोजनिशीकार एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट आहे. पिग्मी ही योजना १९२८ साली उडुपीच्या एका बँकेने सुरू केली. रोज दोन आणे बाजूला टाकू शकणाऱ्या माणसाच्याही दारात बँकेचा माणूस जावा, ही त्यामागची कल्पना होती. आज गावोगावच्या पतसंस्था त्याच रीतीने चालतात. संध्याकाळ झाली की एजंट दुकानादुकानांतून फिरतो, कुणाकडून वीस, कुणाकडून पन्नास, कुणाकडून शंभर रुपये घेतो, पावती देतो आणि पुढच्या पायरीवर चढतो. माझा माणूस लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारातून निघून शाहूपुरीतून राजारामपुरीच्या गल्ल्यांपर्यंत जातो. त्याला हे काम आवडते, लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात आणि त्याला कादंबरी लिहायची आहे. त्याची रोजनिशीही त्याने विकत घेतलेली नाही. ती एका खत-बियाण्यांच्या दुकानदाराने नव्या वर्षानिमित्त फुकट दिलेली आहे आणि तिच्या प्रत्येक पानाच्या तळाशी शेतकऱ्यांसाठी एक सूचना छापलेली आहे. त्यामुळे त्याच्या साहित्यविषयक विचारांच्या बरोबर खाली आडसाली उसाची लागण, हुमणीचा बंदोबस्त आणि भुईमुगाच्या आंतरमशागतीविषयी मार्गदर्शन येत राहते. त्याने त्याबद्दल कुठेही तक्रार केलेली नाही. उलट लिहायचे काही सुचले नाही त्या दिवशी तो ती सूचना आपल्या अक्षरात उतरवून काढतो.

त्याच्या सुरुवातीच्या नोंदी अशा आहेत.

‘४ जून. आज कादंबरीचे पहिले वाक्य पूर्ण झाले. लक्ष्मीपुरीतल्या डाळीच्या दुकानात शेठना वाचून दाखवले. त्यांनी पन्नासची नोट पुढे केली आणि विचारले, “म्हंजे व्याज वाढलं काय?” वाक्य पुन्हा वाचणार होतो, तेवढ्यात गिऱ्हाईक आले.’

‘५ जून. पहिले वाक्य बदलले.’

या दोन नोंदींमध्ये एक रात्र आहे आणि त्या रात्रीबद्दल तो काहीच सांगत नाही. मला रोजनिशी या प्रकाराचे सगळे सामर्थ्य त्या न सांगितलेल्या रात्रीत दिसते. निवेदक असता तर त्याने ती रात्र भरून काढली असती, पंख्याचा आवाज ऐकवला असता, माणसाला कूस बदलायला लावली असती. रोजनिशी लिहिणाऱ्याला स्वतःच्या दुःखाचे वर्णन करण्याची सवय नसते. त्याला तारीख टाकून जे झाले ते लिहायचे असते. वाचकाला मात्र दोन तारखांच्या मधली जागा दिसते आणि तो हसतो, आणि हसता हसता त्याला त्या माणसाविषयी काही कळते.

या प्रकाराचे ज्ञात घराणे इंग्लंडमधले आहे. जॉर्ज आणि वीडन ग्रॉसस्मिथ या दोघा भावांनी लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात १८८८ आणि १८८९ साली एका सामान्य कारकुनाची रोजनिशी क्रमशः लिहिली आणि १८९२ साली ती ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ या नावाने पुस्तकरूपाने आली. तिचा नायक पूटर याची श्रद्धा अशी की, मोठ्या माणसांच्या आठवणी छापल्या जातात तर आपलीही रोजनिशी छापण्याजोगी का नसावी. एकदा त्याला आढळते की रोजनिशीतली काही आठवड्यांची पाने कुणीतरी फाडून नेली आहेत. तो कळवळून सांगतो की आपल्यामागे ही वही घरच्यांना आनंद देईल आणि ती प्रसिद्ध झाली तर चार पैसेही मिळतील; त्यावर पत्नी आणि मुलगा दोघेही मोठ्याने हसतात. त्याहून मला जवळचा वाटणारा प्रसंग वर्तमानपत्राचा आहे. लॉर्ड मेयरच्या नृत्यसमारंभाला पूटर पतिपत्नींना आमंत्रण येते, ते जातात, आणि पाहुण्यांच्या छापील यादीत त्यांचे नाव नसते. तो संपादकांना पत्र लिहितो, तेव्हा नाव चुकीचे छापले जाते. पुन्हा लिहितो, तेव्हा ते निराळ्या रीतीने चुकीचे छापले जाते.

मुद्रिते तपासणाऱ्या माणसाला या प्रसंगावर सहज हसता येत नाही. छापलेल्या नावात एक काना इकडचा तिकडे झाला तर माणसाचा चेहरा कसा पडतो हे मी टेबलाच्या या बाजूने पाहिलेले आहे. म्हणून माझ्या रोजनिशीत तो प्रसंग आमच्याकडच्या रीतीने आला आहे. रोजनिशीकार एका कविसंमेलनात कविता वाचतो, दुसऱ्या दिवशी बातमी येते, तीत अध्यक्ष, उद्घाटक, स्वागताध्यक्ष आणि पाच कवींची नावे असतात आणि वाक्य ‘आदींनी सहभाग घेतला’ असे संपते. त्याची त्या दिवशीची नोंद: ‘बातमी आली. अक्षर लहान आहे, पण जागा चांगली दिली आहे. “आदींमध्ये” माझे नाव पहिले असावे, कारण नावे दिलेल्या पाच जणांनंतर लगेच मीच वाचले होते. पाच अंक घेतले.’ ते पाच अंक त्याने आपल्या खिशातल्या पैशांनी घेतले आहेत आणि पुढच्या आठवड्यात तो ते नातेवाइकांना वाटतो, बातमीखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारून. पेन्सिलीचा तपशील मला लिहिता लिहिता सुचला आणि तो आल्यावर हा माणूस मला पूर्ण दिसू लागला. शाईने रेघ मारणारा माणूस निराळा असतो.

मराठीत सामान्य माणसाने स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडाने सांगण्याची परंपरा समृद्ध आहे. चिं. वि. जोशींचा चिमणराव आणि पु. ल. देशपांड्यांचा धोंडो भिकाजी जोशी यांच्यासोबत आमच्या कित्येक घरांतल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. परंतु ही दोन्ही माणसे घडून गेलेले सांगतात. सांगायला बसताना पुढे काय झाले हे त्यांना ठाऊक असते आणि त्यामुळे त्यांच्या सुरात, भोळेपणा असला तरी, थोडी सुटका असते. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे माहीत नसते. ३ सप्टेंबरला तो आशेने लिहितो ते ४ सप्टेंबरची त्याला कल्पना नसताना लिहितो आणि ४ सप्टेंबरला तो आदल्या दिवशीचे पान फाडत नाही. आशा आणि तिचे उत्तर अशी एकापुढे एक उभी राहतात, आणि मधे समजूत घालणारा कुणी नसतो. माझ्या मते हा केवळ तंत्राचा फरक नाही. आठवणीत निराशेला अर्थ येतो. रोजनिशीत ती अजून नुसतीच निराशा असते, सकाळी दूध नासण्याच्या आणि दुपारी पावती चुकण्याच्या ओळीत बसलेली.

यातूनच या प्रकाराचा सगळ्यांत कडक नियम निघतो: लेखकाने रोजनिशीकाराच्या पाठीमागून वाचकाला डोळा मारायचा नाही. ग्रॉसस्मिथ बंधू रंगभूमीवरचे नट होते, जॉर्ज तर गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिकांमधल्या विनोदी भूमिकांसाठी गाजलेला होता, आणि रंगमंचावर नट स्वतः हसला की प्रेक्षकांचे हसू विरते हे अशा माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. कागदावरही तेच होते. समजा, माझ्या माणसाने कवितावाचनानंतर लिहिले, ‘टाळ्या पडल्या, बहुधा कविता संपल्याबद्दल,’ तर हा विनोद त्याचा राहत नाही, माझा होतो. मी त्याच्या तोंडात माझी हुशारी घातलेली असते आणि त्या क्षणी तो माझ्या हातातला बाहुला बनतो. त्याने लिहायचे ते असे: ‘टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी समारोपात वेळेचे भान ठेवल्याबद्दल माझा विशेष उल्लेख केला.’ हे तो अभिमानाने लिहितो. तो अभिमान खरा आहे. अध्यक्षांनी खरोखरच त्याचा उल्लेख केला होता, आणि एवढ्या मोठ्या सभागृहात कुणीतरी आपले नाव उच्चारले याचा आनंद खोटा ठरवण्याचा अधिकार मला नाही.

स्यू टाउनसेंड या लेखिकेच्या बाबतीत मला हा अधिकार न वापरण्याचा संयम फार मोठा वाटतो. लेस्टर शहरातली ही बाई शाळा लवकर सोडून नोकरीला लागली, मुले वाढवली आणि वर्षानुवर्षे घरच्यांनाही न सांगता लिहीत राहिली. पुढे जोडीदाराला कळले आणि त्याच्या आग्रहावरून ती तिथल्या नाट्यगृहाच्या लेखकगटात जाऊ लागली. १९८२ साली तिची पावणेचौदा वर्षांच्या एड्रियन मोलची गुप्त रोजनिशी आधी बीबीसीच्या रेडिओवर आणि मग पुस्तकरूपाने आली. हा मुलगा स्वतःला बुद्धिवंत समजतो आणि बीबीसीला कविता पाठवतो. तिथून उत्तर येते, आणि ते उत्तर प्रेमळ असते: कवितांमध्ये आशेला जागा आहे, पण त्या प्रसारित करण्याइतक्या चांगल्या नाहीत. मुलाला फक्त पत्र आल्याचे दिसते. ज्या बाईने स्वतः इतकी वर्षे कुणाला आपले कागद दाखवले नाहीत, तिने नकार इतका सौम्य लिहिला, यामागे मला मोठी समज दिसते. कठोर नकार वाचकाला संपादकाच्या विरुद्ध उभे करतो. प्रेमळ नकारात कुणीच दोषी नसते आणि म्हणून तो अधिक खोल जातो.

माझ्या रोजनिशीतही संपादकांचे पत्र आहे. ‘२२ ऑगस्ट. संपादकांचे स्वाक्षरीसह पत्र आले. “आपला प्रयत्न स्तुत्य आहे. तूर्त अंकाच्या मर्यादेमुळे समावेश करता येत नाही. लिहीत राहा, लोभ असावा.” शेवटचे चार शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहेत, बाकीचा मजकूर छापील आहे. पत्र लॅमिनेट करून आणले. वीस रुपये झाले. हिला दाखवले. ही म्हणाली, “अहो, ह्ये न्हाई म्हणत्यात की.” मी तिला हस्ताक्षर दाखवले.’ पुढच्या पानावर पत्नीविषयी राग नाही. पत्र देव्हाऱ्याच्या शेजारी ठेवू नये एवढे तिने सांगितले आणि त्याने ते मान्य केले, इतकीच नोंद आहे.

कोल्हापुरात लेखक होऊ पाहणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक वजन असते, आणि ते वगळून त्याची रोजनिशी खरी होणार नाही. वि. स. खांडेकर १९३८ साली शिरोड्याहून इथे आले ते अखेरपर्यंत इथले झाले. ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९७४ सालचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले, ते मराठीतले पहिले. शिवाजी सावंतांनी राजाराम हायस्कूलमध्ये शिकवता शिकवता ‘मृत्युंजय’ लिहिली, ती १९६७ साली आली. शेजारच्या निपाणीत महादेव मोरे यांनी पिठाची गिरणी चालवत कथा-कादंबऱ्या लिहिल्या. १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरात यांची पुस्तके हाताळून हाताळून मऊ झालेली आहेत. जिथे शिक्षकाने आणि गिरणीवाल्याने लिहिले तिथे पिग्मी एजंटाने का लिहू नये, हा माझ्या माणसाचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला कुणी उत्तर दिलेले नाही. तो शिवाजी विद्यापीठातले खांडेकरांचे स्मृतिसंग्रहालय पाहायला जातो. ‘एवढ्या मोठ्या माणसाच्या वस्तू किती साध्या,’ असे त्याने लिहिले आहे. ‘घरी आल्यावर माझे पेन कोठे आहे असे विचारले. धाकटीने ते शाळेत नेले होते. पुढे-मागे लागेल म्हणून तिला परत आणायला सांगितले. ती म्हणाली, “बाबा, त्याचं टोपण हरवलंय.”’

ही नोंद मी छापखान्यातल्या सहकाऱ्यांना वाचून दाखवली तेव्हा सगळे खूप हसले, आणि नंतर आमच्याकडचे अक्षरजुळणी करणारे मामा, जे शिशाच्या खिळ्यांपासून आजच्या संगणकापर्यंत सगळे पाहून बसले आहेत, ते म्हणाले, “पोरी, त्येला त्ये पेन सापडू दे.” मला ही सूचना फार मोलाची वाटली. पेन सापडते, पण टोपणाशिवाय, आणि पुढचे काही आठवडे त्याच्या शर्टाच्या खिशाला शाईचा डाग आहे असे उल्लेख येत राहतात.

रोजनिशीकार पुरुष का, असे मला विचारले गेले आहे, विशेषतः मी स्वतः बाई असताना. कारण साधे आहे. मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात पुरुष लिहायला बसला की ते सगळ्यांना दिसते; तो बसला आहे, काही करत नाही, भिंतीकडे पाहतो आहे. त्याच्या लिहिण्याला जागा द्यावी लागते, मुलांना गप्प करावे लागते, टीव्हीचा आवाज कमी करावा लागतो आणि म्हणून त्याच्या न होणाऱ्या कादंबरीची घरादाराला किंमत पडते. बाई लिहिते ती ओटा पुसून झाल्यावर आणि कुणाला न दिसेल अशी. मला त्याच्या पत्नीविषयी लिहायचे होते आणि तिला पाहण्यासाठी तिच्याबद्दल थोडेसेच समजणाऱ्या माणसाची वही मला सोयीची वाटली. तो तिची वाक्ये जशीच्या तशी उतरवतो, त्यांचा अर्थ त्याच्या ध्यानात येत नाही आणि त्यामुळे ती वाक्ये कुणी चुरगळलेली नसतात. ‘ही म्हणाली, “जेवून घ्या. वाक्य उद्या बी तिथंच असणार हाय.” मी म्हणालो, प्रतिभेचे तसे नसते. ही म्हणाली, “मग भाकरीचं बी तसं नसतं.”’

त्याच रोजनिशीच्या मागच्या पानांवर ती दुधाचा हिशेब लिहिते. महिनाभर रोज एक लिटर, पाहुणे आले त्या दिवशी दीड, गवळी आला नाही त्या दिवशी फुली. रोजनिशीकार त्यावर नाराज आहे, कारण डिसेंबरकडून नोव्हेंबरकडे तिचे आकडे सरकत येत आहेत आणि एक दिवस दोघांचे लिखाण एकाच पानावर भेटणार आहे. मी तो हिशेबही तारखांनिशी पूर्ण लिहून ठेवला आहे, जरी पुस्तकात त्यातली थोडीच पाने येतील. ज्या दिवशी त्याने पाच वर्तमानपत्रे घेतली त्या दिवशी तिने अर्धा लिटर दूध कमी घेतले आहे. त्याच्या नोंदीत याचा उल्लेख नाही आणि असूही नये.

दिवाळीचे प्रकरण मी बराच काळ पुढे ढकलत होते, कारण सगळ्या रोजनिशीचा उतार तिकडेच आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाचे वर्ष फराळाच्या आसपास संपते. माझा माणूस महाद्वार रोडवरच्या गर्दीत, आकाशकंदील आणि उटण्याच्या पुड्या विकणाऱ्यांमधून वाट काढत अंकांच्या स्टॉलपाशी येतो. पहिल्यांदा तो किंमत पाहतो, मग मुखपृष्ठाची स्तुती करतो, मग अगदी सहज उघडल्यासारखी अनुक्रमणिका उघडतो. मला एवढेच लिहायचे होते की त्याचे नाव तिथे नाही. पण रोजनिशीत ‘माझे नाव नाही’ असे लिहायला त्याचा हात होत नाही, हे लिहिताना माझ्या लक्षात आले. त्याची नोंद अशी झाली: ‘१७ ऑक्टोबर. अंक पाहिले. कागद चांगला वापरला आहे. जाहिराती फार. स्टॉलवाल्याने विचारले, “घेणार काय भावा, का नुसतं बघणार?” एक घेतला. घरी ही म्हणाली, “कशावर हाय कथा?” मी म्हणालो, दुसऱ्यांच्या आहेत.’ त्या पानाच्या तळाशी रब्बी ज्वारीला पाणी देण्याविषयी सूचना आहे आणि त्या दिवशी त्याने ती उतरवलेली नाही.

आमच्या ओळखीतल्या एक निवृत्त प्राध्यापिका, ज्यांनी हे लिखाण आस्थेने वाचले, त्यांचे म्हणणे असे पडले की इतके सोसल्यावर त्याला शेवटी एखादे पारितोषिक द्यावे. त्यांचा जिव्हाळा मला समजतो, पण मी त्याला नकार दिला आहे. पूटरलाही शेवटी यश मिळते, परंतु ते लेखक म्हणून मिळत नाही. इमानाने नोकरी करता करता पेढीसाठी केलेल्या मोलाच्या कामगिरीबद्दल मालक त्याचे राहते घर त्याच्या मालकीचे करून देतो. रोजनिशी छापली जाण्याची त्याची इच्छा पूर्ण झाली, कारण ती आपण वाचतो आहोत, पण हे त्याला कधी कळणार नाही. ग्रॉसस्मिथ बंधूंनी त्याच्यावर केलेली माया मला तिथे दिसते. माझ्या माणसाला मी एक छोटी गोष्ट दिली आहे. काळम्मावाडी धरणाचे पाणी शहरात आणणाऱ्या थेट पाईपलाईनसाठी खोदलेल्या रस्त्याविषयी त्याने लिहिलेले पत्र वाचकांच्या पत्रव्यवहारात छापून येते, नाव अचूक येते, फक्त शेवटी जोडलेल्या चार ओळींची कविता जागेअभावी गळते. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीतले तेच शेठ, ज्यांना त्याने पहिले वाक्य वाचून दाखवले होते, त्याला म्हणतात, “वाचलं बरं का. बरोबर लिवलंस.” आणि रोजच्या पन्नासऐवजी शंभर देतात. त्याने हे दोन्ही एकाच ओळीत लिहिले आहे आणि शंभरांची पावती दिल्याचेही लिहिले आहे.

मग वर्ष संपते. जानेवारीत तो शाहूपुरीतल्या खत-बियाण्यांच्या दुकानात जातो आणि वसुली झाल्यावर नव्या रोजनिशीविषयी विचारतो. दुकानदार सांगतो की कंपनीने यंदा रोजनिशा दिल्या नाहीत, भिंतीवरचे कॅलेंडर आहे, हवे तर दोन घेऊन जा. तो कॅलेंडरे घेतो, एक घरी देतो, ज्यावर ती लगेच दुधाचा हिशेब सुरू करते, आणि संध्याकाळी राजारामपुरीतल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून पहिल्यांदाच स्वतःच्या पैशांनी दोनशे पानी वही विकत घेतो. तारखा आता त्याला हाताने टाकाव्या लागतात. ‘३ जानेवारी. वहीचे नव्वद रुपये घेतले. कागद पातळ आहे, शाई मागच्या पानावर उतरते. दुकानदाराला जाऊन दाखवले. तो म्हणाला, “बॉलपेननं लिवा की.” त्याच्याकडे पिग्मीविषयी विचारले. उद्या या म्हणाला.’